आंबेमोहरापुढचा आकडा

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही किराणा दुकानात इंद्रायणी तांदूळ मिळतो. वासाचा, थोडा चिकट, वरणाखाली मऊ पडणारा. गिऱ्हाईक तो मावळचा पिढीजात तांदूळ म्हणून घेतं आणि दुकानदारही तसंच सांगतो. प्रत्यक्षात इंद्रायणीनं अजून पन्नाशीही गाठलेली नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात संकर करून हा वाण तयार झाला आणि 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आई आंबेमोहर 157, बाप आयआर 8.

बापाचं कूळ साऱ्या जगाला तोंडपाठ आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं 1966 मध्ये आयआर 8 जाहीर केला. इंडोनेशियातला उंच 'पेटा' आणि तैवानचा बुटका 'डी-जिओ-वू-जेन' यांचं ते पोर. पेटाची वंशावळ आणखी मागं नेली तर तिथं बंगालची 'लतिसाल' भेटते. म्हणजे ज्याला आपण परदेशी म्हणून नावं ठेवतो, त्याचं आजोळ इकडचंच निघतं. पण आईकडचं कूळ शोधायला गेलं की गाडी एका आकड्यापाशी अडते. 157. हा आकडा कोणी दिला? तो मिळण्याआधी हा आंबेमोहर कोणाच्या खाचरात होता? आणि ज्यांना आकडा मिळाला नाही, त्या आंबेमोहरांचं काय झालं?

आकड्यांच्या आधी नावं होती, आणि नावांच्याही आधी जमीन. मावळात आणि कोकणात भाताची पहिली वाटणी आजही हळवं, निमगरवं आणि गरवं अशीच होते. पाऊस थांबला की ज्या उतारावरचं पाणी चार दिवसांत निघून जातं, तिथं लवकर निसवणारं हळवं. खालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवं. एकाच शेतकऱ्याची जमीन वर, मध्ये आणि खाली अशी विखुरलेली असे, म्हणून घरात किमान तीन बियाणी असणं ही हौस नव्हती, गरज होती. खाडीकाठच्या खार जमिनीत मिठाला दाद न देणारा राता. गोव्यातल्या खाजणांत कोरगुट आणि आसगो. पोह्यांना वेगळं भात, भाकरीला वेगळं, पेजेला वेगळं. शिवाय पेंढा हवा. घर शाकारायला आणि गुरांना उंच वाढणारं भात लागे. बुटक्या वाणांचा प्रचार करणाऱ्यांनी बराच काळ पेंढ्याचा हिशेब धरलाच नाही.

एवढी बियाणी राखायची कशी, याचं ज्ञान बहुतेक घरांत बायकांकडं होतं. कापणीच्या आधी खाचरात उतरून लोंब्या वेगळ्या काढायच्या. बांधालगतच्या नाही, मधल्या. कडेच्या रोपाला ऊन-वारा जास्त मिळतो, त्यामुळं त्याचा टपोरेपणा फसवा असतो, आणि शेजारच्या खाचरातल्या वाणाचा परागही तिथंच पोहोचण्याची भीती. बाकीच्यांपेक्षा उंच गेलेलं किंवा वेगळ्या रंगाचं रोप दिसलं की ती भेसळ; ते उपटून टाकायचं. मात्र एखादीला त्या भेसळीचाच दाणा आवडला, तर ती लोंबी पदराच्या गाठीत वेगळी बांधली जायची. नव्या वाणाचा जन्म अशा गाठीत व्हायचा. शेणामातीनं लिंपलेली कणगी, त्यात निरगुडीचा नाहीतर कडुलिंबाचा पाला, कडधान्याला राख, कोकणात पेंढ्याची घट्ट वळलेली मुडी. दमट हवेत भाताचं बी एका पावसाळ्यापलीकडं भरवशाचं राहत नाही, म्हणून प्रत्येक वाण दरसाल पेरावाच लागे. घरची ही कोठी म्हणजे वर्षाच्या मुदतीची ठेव होती, आणि नूतनीकरण शेतातच व्हायचं.

साठवणीचा इतिहास आपल्याकडं चांगला जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव इथं डेक्कन कॉलेजनं 1968 पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्याची पेवं सापडली आणि कणग्या ठेवायचे गोल ओटेही. तिथलं मुख्य धान्य सातू. पण पेव आणि बियाणं ह्या दोन गोष्टी एक धरायच्या नाहीत. पेवातलं धान्य खाण्यासाठी टिकतं, उगवणीसाठी नाही. बंद हवेत आणि उबेत बीज मरतं. म्हणून सोलापूरकडं ज्वारीची पेवं भरली तरी पेरणीची कणसं वर, आढ्याला टांगलेली असत.

नवरात्रातली घटस्थापना म्हणजे आपल्या पूर्वजांची उगवण चाचणीच, असं हल्ली भाषणांतून ऐकू येतं. मला ते फारसं पटत नाही. घट आश्विनात बसतात. खरिपाची पेरणी तेव्हा केव्हाच उरकलेली असते. रब्बीपुरतं म्हणायचं तर म्हणावं. ऋषिपंचमीचं मात्र वेगळं आहे. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून तळ्याकाठी आपोआप उगवणारं देवभात शोधून आणलं जातं. रानभाताची जागा कुठं आहे, ते कधी झडतं, हे त्या एका रिवाजामुळं पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ध्यानात राहिलं. हे रानभात पुढं कुठं उपयोगी पडलं, ते ओघात येईलच.

ही घरगुती व्यवस्था फार गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दुष्काळात बियाण्याचा दाणाही शिजत असे. मग पुढच्या पेरणीला सावकाराच्या दारी जायचं आणि सवाईनं नाहीतर दिडीनं बी आणायचं: मणाला सव्वा मण, मणाला दीड मण. सावकाराच्या कोठीत दहा जणांचं भात एकत्र झालेलं. दुष्काळात वाण असा दोन वाटांनी जायचा, एक पोटात आणि दुसरा त्या कोठीतल्या सरमिसळीत.

आकडे आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. डेन्मार्कच्या योहान्सननं 1903 मध्ये घेवड्यावरचे प्रयोग मांडून दाखवून दिलं होतं, की स्वपरागित पिकाच्या सरमिसळ बियाण्यातून एकेक दाणा वेगळा वाढवला तर एकसारख्या शुद्ध ओळी मिळतात. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याला हे तंत्र फार सोयीचं होतं. शेतकऱ्यांकडून आंबेमोहर आणायचा. त्यातल्या शेकडो लोंब्या सुट्या काढायच्या. प्रत्येक लोंबीची एक ओळ लावायची. ओळीला क्रमांक द्यायचा. उत्पन्न, उंची, दाणा, वास मोजत तीन-चार हंगाम चाळणी लावायची. शेवटी टिकेल ती ओळ शेतकऱ्यांना वाटायची, क्रमांकासकट. कोळंबा 42, झिनिया 31, पटणी 6, वाकसळ 207, आंबेमोहर 157 ही सगळी याच घराण्यातली भातं. ज्वारीतही तेच झालं. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर 1930 च्या दशकात मालदांडीतून निवडलेली 35-1 आजही रब्बी ज्वारीत ठाण मांडून बसली आहे. नव्या वाणांची तुलना अजून तिच्याशीच होते.

या निवडीनं शेतकऱ्याचं भलं झालं, हे आधी मान्य करू. एकसारखं निसवणारं, एकाच वेळी कापणीला येणारं, गिरणीत तुकडा कमी पडणारं भात कोणाला नको होतं? पण विविधता घटायला हरितक्रांतीनं सुरुवात केली, हे आपण जे घोकत आलो आहोत, ते पुरतं खरं नाही. पहिली कात्री या आकड्यांनी लावली. शेतकऱ्याचा आंबेमोहर म्हणजे एक वाण नव्हे, जवळच्या नात्यातल्या रोपांचा गोतावळा होता. थोडं लवकर येणारं, थोडं उशिरा येणारं, करपा सोसणारं, पाणी कमी पडलं तरी निसवणारं असं सगळं त्यात एकत्र नांदायचं. 157 हा त्या गोतावळ्यातला एक जण. तो निवडला गेला तो सरासरीत पहिला आला म्हणून. वाईट वर्षात कोण पहिलं आलं असतं, हे त्या चाचणीनं विचारलं नव्हतं. आणि क्रमांक देताना ज्याच्या खाचरातून लोंबी आली त्याचं नाव मागं पडलं. आकडा केंद्राची आठवण ठेवतो, शेताची नाही.

सरसकट सगळं गोळा करून ठेवावं, आज उपयोग दिसो न दिसो, हा विचार आपल्याकडं रशियातून आला. निकोलाय वाविलॉव 1921 मध्ये पेट्रोग्राडच्या, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडच्या, वनस्पती विभागाचे प्रमुख झाले. पामीर, अफगाणिस्तान, इथिओपिया, दक्षिण अमेरिका असे ते आणि त्यांचे सहकारी पाच खंड फिरले. पिकाची मूळ भूमी जिथं असते तिथं त्याचे सर्वाधिक प्रकार सापडतात, अशी त्यांची मांडणी होती. 1926 मध्ये ती ग्रंथरूपानं आली. 1940 पर्यंत त्यांच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते. सत्तेच्या मर्जीतल्या लिसेंको या शेतीतज्ज्ञाशी वैर आणि स्टालिनची मर्जी फिरणं यापायी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. जगाचं बी जमवणारा हा माणूस 26 जानेवारी 1943 रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं गेला. तोवर लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडलेला होता. संस्थेतले कर्मचारी गहू, तांदूळ, भुईमुगाच्या पाकिटांमध्ये बसून भुकेनं मेले. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव गेले तेव्हा त्यांच्या भोवती तांदळाची हजारो पाकिटं शाबूत होती. ही गोष्ट आता इतकी सांगितली जाते की गुळगुळीत झाली आहे. तरी तिच्यातलं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे: ते बी त्यांनी स्वतःच्या शेतातून आणलेलं नव्हतं. दुसऱ्याचं बियाणं राखणं हे नोकरीतलं कर्तव्य होऊ शकतं, हे तिथं पहिल्यांदा इतक्या टोकाला जाऊन दिसलं.

भारतात भाताच्या संग्रहाला जोर आला तो बंगालच्या 1943 च्या दुष्काळानंतर. आदल्या वर्षी तिथल्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला होता. 1946 मध्ये कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. ओडिशाच्या जयपूर पट्ट्यात, म्हणजे कोरापुटच्या डोंगरांत, 1955 नंतरच्या काही वर्षांत संस्थेच्या लोकांनी पायपीट करून सुमारे पावणेदोन हजार वाण जमवले. याच कटक संस्थेचे 1959 पासूनचे संचालक राधेलाल रिछारिया. आपल्या या मागोव्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

रिछारियांचं म्हणणं साधं होतं. फिलिपाइन्सहून येणारी बुटकी भातं इथल्या रोगकिडींना बळी पडतील. ती पुरेशी तपासणी न करता आणू नयेत. आणि इथला संग्रह तिकडं बिनशर्त पाठवू नये. साल होतं 1966 च्या आसपासचं. देशात सलग दुष्काळ, अमेरिकेहून येणाऱ्या मिलोवर रेशनच्या रांगा. अशा वेळी थांबा म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार? त्यांना पदावरून जावं लागलं, कोर्टकचेरी झाली. पुढं मध्य प्रदेश सरकारनं त्यांना रायपूरला भात संशोधनाचं काम दिलं आणि सत्तरच्या दशकात त्यांनी छत्तीसगड अक्षरशः गाव न्‌ गाव पालथा घातला. सतरा हजारांहून अधिक नमुने! त्यात बुटके होते, सुगंधी होते, लांबट दाण्याचे होते, आणि खतावाचूनही भरघोस उतरणारे होते. प्रत्येकाबरोबर गाव आणि स्थानिक नाव टिपलेलं. ही वाणं एका इमारतीत न ठेवता गावोगावच्या छोट्या केंद्रांत, त्याच मातीत दरसाल लावून राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. ऐंशीच्या दशकात ती रायपूरची संस्थाच बंद करण्यात आली. 1986 मध्ये गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त हे सगळं प्रकरण सविस्तर मांडलं, तेव्हा कुठं देशाला रिछारिया माहीत झाले. संग्रह पुढं रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडं गेला. 2002 मध्ये त्याच्या वापरासाठी सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सहकार्याची बोलणी चालल्याचं बाहेर आलं, लोक रस्त्यावर उतरले आणि कंपनीनं माघार घेतली. ज्यांच्या गावांतून बी गेलं होतं, त्यांनी ते आपलं असल्याचं बजावलं, हे त्या आंदोलनाचं खरं फळ.

फिलिपाइन्सच्या संस्थेला खलनायक ठरवून मात्र ही कथा उरकता येत नाही. सत्तरच्या दशकात आशियाभर भातावर खुजेपणाचा एक विषाणू पसरला. संस्थेनं आपल्या संग्रहातले हजारो नमुने तपासले; प्रतिकारशक्ती मिळाली ती एकाच रानभातात, 'ओरायझा निवारा'त, आणि तो नमुना आला होता उत्तर प्रदेशातून. ऋषिपंचमीला आपण जे देवभात शोधतो, त्याच्याच भावकीतला. त्याचा गुण घेऊन 1976 मध्ये आलेला आयआर 36 पुढं कोट्यवधी एकरांवर लागला. संग्रह नसता तर ते गवत कोणी विचारातही घेतलं नसतं. उलट संग्रहाकडं पाठ फिरवल्यावर काय होतं, हे आपल्या बाजरीनं दाखवलं. 1965 पासून आलेल्या एचबी मालिकेतल्या संकरित बाजऱ्यांची आई एकच होती, अमेरिकेतल्या जॉर्जियातून आलेली टिफ्ट 23ए. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी पडला. कणसाच्या जागी पाल्याचा हिरवा झुपका, दाणा नाही. आईच बळी पडणारी म्हटल्यावर लेकींचं काय होणार? शिवारंच्या शिवारं बसली, आणि प्रतिकारशक्तीसाठी शास्त्रज्ञ पुन्हा गावरान वाणांकडं वळले.

सरकारी कोठी त्याच सुमारास आकाराला आली. दिल्लीत 1976 मध्ये पिकांच्या जनुकसंपदेसाठी राष्ट्रीय ब्यूरो स्थापन झाला. आज त्याच्या जनुककोशात साडेचार लाखांहून जास्त नमुने आहेत. अकोल्यातही त्याचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथं बी येतं तेव्हा आधी त्यातला ओलावा पाच-सात टक्क्यांपर्यंत उतरवतात, मग ॲल्युमिनियमच्या पाकिटात सीलबंद करून उणे 18 अंशांवर ठेवतात. दर काही वर्षांनी थोडे दाणे काढून उगवण पाहायची. ती घसरली तर बी शेतात लावून नवं भरायचं. पाकिटावर 'आयसी' आणि पुढं आकडा. सोबत नोंद असते: कुठून, कधी, कोणत्या नावानं आणलं. जुन्या नमुन्यांच्या बाबतीत ही नोंद अनेकदा जिल्ह्याच्या नावावरच संपते. हळवं होतं की गरवं, कशासाठी पेरत होते, कोण पेरत होतं, याची जागा कोरी. ज्याची ओळखच कोरी आहे असा नमुना हजारांतून कोण मागवणार? नॉर्वेच्या स्वालबार्डला 2008 मध्ये डोंगराच्या पोटात सगळ्या जगासाठी तिजोरी झाली, आणि सीरियातल्या युद्धामुळं अलेप्पोच्या केंद्राला 2015 मध्ये तिथून आपलं बी परत काढावं लागलं. म्हणजे अशी तिजोरी लागते, यात वाद नाही. पण थंडीत ठेवलेल्या बियाण्याला गेल्या तीस वर्षांतला एकही पावसाळा माहीत नाही. नवा रोग, सरकलेला पाऊस, वाढलेली उष्णता यांच्याशी त्याची गाठच पडलेली नाही.

गाठ पडते शेतात. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम दीड एकराचे धनी. 1983 मध्ये जबलपूरहून आलेल्या 'पटेल 3' या भातात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर, बारीक दाण्याच्या. भेसळ म्हणून त्यांनी त्या उपटल्या नाहीत. वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी लावल्या, पुन्हा निवडल्या. योहान्सनचं नावही न ऐकलेल्या माणसानं त्याचीच पद्धत बिनचूक चालवली. बारीक, चवीचा, भरपूर उतरणारा तो दाणा बाजारात गेला आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचं नाव पडलं एचएमटी. विदर्भापासून छत्तीसगड-आंध्रापर्यंत तो पसरला. 1998 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं शुद्ध केलेला 'पीकेव्ही एचएमटी' आला. त्या नावात घड्याळ होतं, विद्यापीठ होतं, खोब्रागडे कुठंच नव्हते. दादाजींनी नंतर नांदेड हिरा, डीआरके अशी आणखी काही भातं निवडली, 2005 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 2018 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा हलाखीत होते. एचएमटीवर पोसलेल्या गिरण्या किती असतील, याची कोणी मोजदाद केलेली नाही.

या उदाहरणाकडं मी आणखी एका कारणासाठी पाहतो. पटेल 3 हा काही पुरातन वाण नव्हता, सुधारितच होता. त्यातूनही नवं निघालं, कारण कोणीतरी खाचरात उतरून लोंबी न्‌ लोंबी पाहत होतं. वैविध्य म्हणजे फक्त पूर्वजांकडून आलेला ठेवा नव्हे. पाहणारा असेल तर ते आजही तयार होतं.

2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं अशा शेतकऱ्याला निदान कागदावर जागा दिली. शेतकऱ्याच्या वाणाची त्याच्या किंवा गावाच्या नावावर नोंद होऊ शकते. अडचण चाचणीची आहे. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर हवा. वेगळा आणि स्थिर ठीक. पण एकसारखा नसणं हाच तर गावरान वाणाचा गुण. शेतकऱ्यांच्या वाणांसाठी ही अट जरा सैल ठेवली आहे खरी, तरी आकड्याचं राज्य कायम आहे.

रिछारियांची गावोगावची केंद्रं त्यांच्या हयातीत उभी राहिली नाहीत, मात्र त्यांच्या मार्गानं जाणारे निघाले. देबल देब यांनी 1997 मध्ये पश्चिम बंगालात 'व्रीही' सुरू केलं. फुलोऱ्याच्या तारखा जुळवून-चुकवून, एकाचा पराग दुसऱ्यावर जाणार नाही अशी शेकडो भातं ते दरसाल लावत आले आहेत. आपल्याकडं बायफ या स्वयंसेवी संस्थेनं जव्हार, अकोले आणि धडगाव भागांत गावातल्याच लोकांच्या हाती बियाणे बँका दिल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, शाळेची पायरी न चढलेल्या, आपल्या कुडाच्या घरात घेवडे, वाल, भात, भाज्यांचं बी राखत होत्या. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथं त्यांनी केलेलं महत्त्वाचं काम फोटोत दिसत नाही. कोणता घेवडा कुठल्या महिन्यात लावायचा, कोणता डोंगरउतारावर येतो, कोणत्याची शेंग कोवळी खायची आणि कोणत्याची डाळ करायची, हे सगळं बियाण्याबरोबर दिलं जातं. पाकिटावरची कोरी जागा इथं तोंडी भरली जाते. बी नेणाऱ्यानं हंगामानंतर दुप्पट आणून द्यायचं. हिशेबानं पाहिलं तर हा दर सावकाराच्या दिडीहून जास्त आहे! फरक इतकाच, की परतफेड त्याच वाणाची हवी, निवडून वाळवलेली, आणि वाढीव बी दुसऱ्या शेतकऱ्याकडं जातं.

2022 मध्ये राज्य सरकारनं महाराष्ट्र जनुक कोशासाठी पाच वर्षांकरता सुमारे 172 कोटी रुपये मंजूर केले. पैशाची आता तक्रार करता येणार नाही. पण इमारत, शीतकपाटं आणि आकडे यांच्यावरच तो खर्च झाला, तर कटक-रायपूरची चूक आपण मराठीत पुन्हा करू. माझं मत स्पष्ट आहे: शीतगृहात नमुना असावा, मात्र मूळ प्रत शेतातच राहायला हवी, आणि ती लावणाऱ्याला दरसाल त्याचा मोबदला मिळायला हवा. सुगंधी भात लावून इंद्रायणीपेक्षा कमी उतारा घेणाऱ्यानं केवळ आपल्या वारशाच्या प्रेमापोटी तो लावत राहावा, ही अपेक्षा शहरात बसून करणं सोपं आहे.

वाचकाला करता येण्याजोगं एक काम आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळ यांनी ही कल्पना रुजवली तेव्हा गावानं बसून, विचारून, शिवार फिरून ती लिहावी असं अभिप्रेत होतं. हरित लवादानं जानेवारी 2020 ची मुदत घातल्यावर अनेक गावांच्या वह्या घाईघाईत भरल्या गेल्या. तुमच्या गावची वही ग्रामपंचायतीत मागून पाहा. पिकांच्या तक्त्यात नुसतंच 'भात, ज्वारी, देशी' असं लिहिलेलं आढळलं, तर ज्या घरात अजून जुनं बी आहे तिथं जाऊन वाणाचं नाव, शिवाराचं नाव, हळवं की गरवं, कशासाठी पेरतात आणि कोण राखतं, एवढं लिहून घ्या आणि समितीला अर्ज देऊन ते वहीत चढवायला लावा. हे काम मृगाच्या आधी करा. पेरणीनंतर उरलेलं बी दळायला जातं.